ढगांच्या सावलीत पिकणारी कोना कॉफी

हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर, कोनाच्या विमानतळावर उतरताना हिरवळ दिसत नाही. दिसतो तो नांगरून टाकलेल्या डांबरासारखा काळाभोर, ओबडधोबड लाव्हा. हुआलालाई ज्वालामुखीतून १८०१ च्या सुमारास वाहून आलेल्या या लाव्हावरच हा विमानतळ बांधलेला आहे. जगातल्या महागड्या कॉफींपैकी एक याच डोंगराच्या अंगावर पिकते, यावर तिथे उभे असताना विश्वास बसत नाही. गाडी चढणीला लागून होलुआलोआ गावाजवळ पोहोचली, तेव्हा मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्द पानांची कॉफीची झाडे सुरू झाली आणि हवेत गारवा आला.

कोना कॉफीचा पट्टा अरुंद आहे. हुआलालाई आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखींच्या पश्चिम उतारांवर, साधारण पाचशे ते तीन हजार फुटांच्या दरम्यान तो पसरलेला आहे. आपल्याकडे चिकमगळूरची कॉफी याहून बऱ्याच उंचीवर होते. पण कोना विषुववृत्तापासून अधिक दूर, जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर असल्यामुळे कमी उंचीवरही अरेबिका झाडाला हवा तेवढा थंडावा मिळतो. पाकिटांवर सगळे श्रेय ज्वालामुखीच्या मातीला दिलेले असते. प्रत्यक्षात कित्येक मळ्यांत माती म्हणण्यासारखे फारसे काही नाही. फुटक्या लाव्हाच्या दगडांत पहारीने खड्डे खणून रोपे लावलेली असतात आणि मुळे फटींतून वाट काढत जातात. कितीही पाऊस पडला तरी पाणी साचत नाही, हा त्या दगडांचा मोठा गुण.

माझ्या मते खरी किमया ढगांची आहे. सकाळी लख्ख ऊन असते; तापलेल्या उतारावरून समुद्राची दमट हवा वर चढू लागते आणि दुपारपर्यंत डोंगरावर ढग जमून सावली धरतात. अनेकदा एखादी सरही येऊन जाते. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे या प्रचंड डोंगरांमुळे अडतात, म्हणून हवाईत इतरत्र पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडत असताना कोनात तो उन्हाळ्यात पडतो, म्हणजे नेमका फळे भरण्याच्या दिवसांत.

एका लहान मळ्यात मला थोडी तोडणी करायला मिळाली. एकाच फांदीवर लालबुंद, पिवळसर आणि कच्ची हिरवी फळे शेजारी शेजारी लगडलेली होती. लाल तेवढीच, देठाला धक्का न लावता, पिरगळून काढायची. राहिलेल्यांसाठी काही आठवड्यांनी पुन्हा यायचे. तोडणीचा हंगाम साधारण ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत असाच फेऱ्याफेऱ्यांनी चालतो. काउआई बेटावर सपाट जमिनीत यंत्राने तोडणी होते. इथल्या खडकाळ उतारावर ते शक्य नाही. पिकलेले फळ दाबले की गोडसर, बुळबुळीत गराने माखलेल्या दोन बिया बोटांतून निसटतात. क्वचित दोनांऐवजी एकच गोल बी निघते. तिला ‘पीबेरी’ म्हणतात आणि ती वेगळी काढून चढ्या भावाने विकतात. अशी सुमारे सात किलो फळे तोडावीत, तेव्हा एक किलो भाजलेली कॉफी हाती येते.

कॉफी इथे १८२८ मध्ये सॅम्युएल रगल्स या मिशनऱ्याने आणली. पुढे मोठे मळे उभे राहिले. पण १८९९ च्या सुमारास जागतिक भाव कोसळल्यावर मळेवाल्यांनी जमिनीचे लहान तुकडे करून ते मुख्यतः जपानी कुटुंबांना खंडाने दिले, आणि कोना हा छोट्या शेतकऱ्यांचा प्रदेश झाला. कॅप्टन कुक गावाजवळचा उचिदा कुटुंबाचा मळा आता जिवंत संग्रहालय म्हणून जपला आहे. तिथे कॉफी वाळवण्याचा ओटा, ‘होशिदाना’, पाहिला. त्याचे छप्पर रुळांवर बसवलेले असते. ऊन असताना ते मागे ढकलायचे आणि दुपारची सर आली की पुन्हा ओढून घ्यायचे. तोडणीला मुलांचे हात मिळावेत म्हणून १९३० च्या दशकापासून १९६९ पर्यंत इथल्या शाळांची मोठी सुट्टीसुद्धा ऑगस्ट ते नोव्हेंबर अशी ठेवलेली होती.

आता संकटे निराळी आहेत. फळ पोखरणारा भुंगा २०१० मध्ये कोनात आढळला, २०२० मध्ये हवाईत पानांवरचा तांबेराही आला. शेतकऱ्यांचा अधिक राग मात्र लेबलांवर दिसला. ‘कोना ब्लेंड’ लिहिलेल्या पाकिटात कोनाची कॉफी फक्त दहा टक्के असली तरी हवाईच्या कायद्याला ती वर्षानुवर्षे चालत आली. २०२४ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार जुलै २०२७ पासून हे प्रमाण किमान एक्कावन्न टक्के असावे लागेल. मला हेही अर्धवटच वाटते.

चवीचे म्हणाल, तर चिकोरी घातलेल्या फिल्टर कॉफीवर पोसलेल्या जिभेला ही कॉफी पहिल्या घोटात फिकी लागते. तिच्यात कडूपणा फार कमी. आंबटपणा सौम्य, आणि कप थोडा निवल्यावर गोडवा वर येतो. दूध घातले की यातले बरेचसे हरवते, त्यामुळे दुधाची कॉफी पिणाऱ्यांनी एवढे पैसे मोजू नयेत, असे मी स्पष्टच सांगेन. ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांनी ‘शंभर टक्के कोना’ आणि भाजल्याची तारीख ही दोन्ही पाहून, शक्यतो मळ्यावरूनच घ्यावी.