स्वभाव ओळखायला शिकताना: इंदूरमधल्या ख्रिस्ती समुपदेशन प्रशिक्षणाचा माझा अनुभव

इंदूरला या वर्गात नाव घातलं तेव्हा पहिली अट होती, दुसऱ्याचा स्वभाव पाहण्याआधी स्वतःचा तपासून घ्यायचा. प्रश्नावली भरली, अहवाल आला. चारचौघांत मी मोकळी, निर्णयात ठाम. मायेच्या बाबतीत मात्र 'सुपाइन'. म्हणजे माया हवी भरपूर, पण मागायची नाही, समोरच्यानंच ओळखावी. यजमानांनी तो कागद वाचला आणि त्या रात्री आम्ही खूप उशिरापर्यंत बोलत बसलो.

ही पद्धत अमेरिकेतल्या रिचर्ड आणि फिलिस आर्नो या दांपत्याची. तिचा पाया विल्यम शुट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीचा. लोकांत मिसळणं, अधिकार आणि आपुलकी, अशी तीन क्षेत्रं. प्रत्येकात दोनच गोष्टी बघायच्या: माणूस दाखवतो किती आणि त्याला आतून हवं किती. त्यावरून पाच स्वभाव ठरतात. मेलँकली (अबोल, विचारी), कोलेरिक (तापट, ठाम), सँग्विन (मोकळा, बोलका), फ्लेग्मॅटिक (शांत, संथ) ही नावं जुन्या ग्रीक वैद्यकातली. सुपाइन आर्नोंनी जोडलेला.

मला यात एक अडचण होती. ती चार नावं शरीरातल्या चार द्रवांच्या कल्पनेतून आली आणि वैद्यकानं ती कल्पना केव्हाच सोडली. पवित्र शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, पाच स्वभावांची यादी नाही. मग हे ख्रिस्ती कसं? मी वर्गात विचारलं. सर म्हणाले, "ताई, कागद फक्त वर्णन करतो. घडण देवाची आहे हे स्तोत्र 139 सांगतं, आणि त्या घडणीत आत्म्याचं फळ, म्हणजे प्रीती, आनंद, शांती असे गुण, कसं येतं ते गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात वाचा." ते मला पटलं. तरी ही यादी माणसांनी केलेली आहे, ती उपदेशात देववचनासारखी सांगू नये, असं माझं ठाम मत आहे.

सर्वांत कठीण गेला सराव. दोघांनी नवरा-बायको व्हायचं, तिसऱ्यानं समुपदेशक. बायको गप्प, नवरा हुकूम सोडणारा. आपल्या मंडळीत अशा वेळी लगेच वचन काढून देतात, 'प्रार्थना करा' म्हणतात. इथे सर थांबवायचे: तिला काय हवंय ते तिच्या तोंडून आलं का? मग पुन्हा पहिल्यापासून. सरांनी एलीया संदेष्ट्याचा दाखला दिला, बायबलमधल्या 1 राजे 19 मधला. रतामाच्या झुडपाखाली तो 'मला मरू दे' म्हणतो, आणि देव आधी त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न फार नंतर येतो. तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले, पण दुःखी माणसासमोर कसं बसावं हे मला त्यातून त्या दिवशी कळलं.

मर्यादाही पक्क्या शिकवल्या. आम्ही निदान करत नाही, औषधाबद्दल बोलत नाही. कुणी जीव देण्याची भाषा केली किंवा कानात आवाज येतात म्हणालं, तर स्वभावाचा कागद बाजूला ठेवायचा आणि घरच्यांना घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

आता मी चर्चमागच्या खोलीत बसते. येणाऱ्या बहुतेक बायका मराठीत सुरू करतात आणि रडू आलं की हिंदीत जातात. प्रश्नावली मी पहिल्या भेटीत काढतच नाही. पुरुष फार कमी येतात, म्हणून पुढच्या तुकडीत दोन-तीन भाऊ हवेत, असं पाळकसाहेबांना सांगून ठेवलं आहे.