गाणं सगळ्यांना उचलायला लावणाऱ्या बर्निसबाई

१६ जुलै २०२४ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्निस जॉन्सन रेगन वारल्या. वय ८१. गायिका, इतिहासाच्या प्राध्यापक, संग्रहालयातल्या संशोधक, आणि या सगळ्याच्या आधीपासून चळवळीतल्या कार्यकर्त्या. मी मेरीलँडमध्ये राहते, म्हणजे ज्या शहरात त्यांनी पन्नास वर्षं काढली त्याला लागूनच. पुण्याला फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा घरात कुणीच हे नाव ऐकलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीतले मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला माहीत असतात, रोझा पार्क्स माहीत असतात, आणि यादी तिथेच थांबते. बर्निसबाईंची ओळख मराठीत कुणीतरी करून द्यायला हवी, असं तेव्हापासून मनात होतं.

त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९४२ चा, जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या ऑल्बनी गावाजवळचा. वडील बॅप्टिस्ट पाद्री. त्यांच्या चर्चमध्ये बर्निस अकरा वर्षांच्या होईपर्यंत पियानो नव्हता. साथ टाळ्यांची आणि लाकडी फरशीवर आपटणाऱ्या पावलांची. कुणीतरी एकाने ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. आपल्या वारकरी भजनात बुवांनी चाल दिली की मागचे टाळकरी ती जशी उचलून धरतात, अगदी तसंच. तिथे श्रोता नावाचं कुणी नसतं. जो आत आला तो गाणार. आवाज चांगला की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. बर्निसबाईंचं पुढचं सगळं आयुष्य या एका सवयीतून उभं राहिलं असं मला वाटतं.

१९५९ साली त्या ऑल्बनी स्टेट कॉलेजात संगीत शिकायला गेल्या. हे कृष्णवर्णीयांसाठीचं वेगळं कॉलेज होतं, कारण त्या वेळी दक्षिणेत सगळंच वेगळं होतं: शाळा, वाचनालयं, पाण्याचे नळ, बसस्थानकातली बसायची जागा. कॉलेजात त्या इटालियन आणि जर्मन गाणी शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकत होत्या. तेवढ्यात, १९६१ च्या शरद ऋतूत, चार्ल्स शेरॉड आणि कॉर्डेल रेगन हे नागरी हक्क चळवळीतल्या एका विद्यार्थी संघटनेचे दोन तरुण कार्यकर्ते गावात आले. आंतरराज्य बसस्थानकांत वर्णभेद करायचा नाही, असा केंद्राचा नियम १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता. तो पाळला जातोय का ते बघायला विद्यार्थी स्थानकावर जाऊ लागले, आणि नोव्हेंबर संपायच्या आत अटका सुरू झाल्या.

या अटकांच्या निषेधात कॉलेजचे विद्यार्थी मोर्चाने निघाले. मोर्चा चर्चमध्ये पोचल्यावर कुणीतरी बर्निसला गायला सांगितलं. तिने चर्चमधलंच एक जुनं गाणं धरलं. मूळ ओळीत डोक्यावर हवेत संकट दिसतं असं होतं. त्या दिवशी समोर खरोखरच संकट होतं, तरी ते गाणं तसंच म्हणणं तिला पटेना. गाता गातानाच तिने तिथे स्वातंत्र्य आणलं. ही गाणी माझी आहेत आणि मला हव्या त्या कामासाठी मी ती वापरू शकते, हे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. कॉलेजात घासून तयार केलेल्या आवाजापेक्षा निराळा, मोठा आवाज त्या दिवसांत आपल्या गळ्यातून निघू लागला, हेही.

डिसेंबरमध्ये त्यांना स्वतःलाही अटक झाली आणि कॉलेजने त्यांचं नाव काढून टाकलं. तुरुंगात शिक्षिका, मोलकरणी, विद्यार्थिनी, म्हाताऱ्या बायका अशा एरवी एकत्र न बसणाऱ्या सगळ्या एका कोठडीत होत्या. वाद झाले, भीती वाटली, की कुणीतरी म्हणायचं, बर्निस, गाणं म्हण. आणि सगळ्या ते उचलायच्या.

इथे आपल्या घरचा एक धागा आहे. त्याच डिसेंबरात मार्टिन ल्यूथर किंगही ऑल्बनीच्या लढ्यात उतरले. ऑल्बनीचे पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी त्यांच्या लढ्याची पद्धत आधीच अभ्यासली होती. गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंग भरून टाकतात, हे प्रिचेट यांना वाचून ठाऊक होतं. त्यामुळे त्यांनी शेजारच्या गावांतले तुरुंग आधीच ठरवून ठेवले आणि कॅमेऱ्यांपुढे मारहाण होऊ दिली नाही. शेकडो लोक पकडले, पण ऑल्बनीतला तुरुंग काही भरला नाही. याच कारणाने इतिहासाच्या पुस्तकांत ऑल्बनी म्हणजे किंग यांचा पराभव असं लिहितात. बर्निसबाईंना हे कधीच मान्य नव्हतं, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पराभव किंवा विजय हा हिशेब बाहेरून आलेल्या नेत्याच्या नावावर मांडला तरच तसा दिसतो. ज्या गावातली माणसं आधी बोलतच नव्हती ती रात्र रात्र सभेत बसून गाऊ लागली, त्यांच्या बाजूने पाहिलं तर ऑल्बनीत काहीतरी कायमचं बदललं होतं.

सभा चालू असताना शेरीफ आपली माणसं घेऊन चर्चमध्ये शिरायचे. अशा वेळी गाणं का सुरू व्हायचं, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आवाज जिथवर पोचतो तिथवर आपला ताबा जातो, असं त्या म्हणत. समोरचा माणूस आपल्या अंगाजवळ यायच्या कितीतरी आधी आपल्या आवाजात शिरलेला असतो. हातात काहीही नसलेल्या माणसांनी जागा ताब्यात घ्यायची ही रीत होती. ज्यांनी शाहिरांच्या डफावर भरलेली मैदानं पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९६२ मध्ये कॉर्डेल रेगन, रूथा मे हॅरिस, चार्ल्स नेब्लेट आणि बर्निस अशा चौघांचे ‘फ्रीडम सिंगर्स’ तयार झाले. एका ब्यूक गाडीतून ते देशभर हिंडले, कॉलेजांत आणि चर्चमध्ये गायले, चळवळीसाठी पैसे गोळा केले. वर्तमानपत्रांत न येणाऱ्या दक्षिणेतल्या बातम्या उत्तरेला या गाण्यांतून कळत होत्या. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातही ते गायले. त्याच वर्षी बर्निस आणि कॉर्डेल यांचं लग्न झालं. दोन मुलं झाली आणि पुढे काही वर्षांत ते वेगळे झाले.

आता हे सगळं आपल्या माणसांनी का वाचावं? १९४६ च्या कायद्यानुसार भारतातून अमेरिकेत कायमचं राहायला वर्षाला फक्त १०० माणसांना परवानगी होती. ही देशांनुसार ठरवलेली कोट्याची पद्धत मोडली ती ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. त्याआधी १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि ऑगस्ट १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला होता. वंश पाहून माणसाला दारात अडवणं चुकीचं, हे ज्यांनी मार खाऊन या देशाकडून वदवून घेतलं, त्यांच्यामुळे आपले डॉक्टर, इंजिनिअर, त्यांची कुटुंबं आणि नंतर आम्ही सगळे इथे येऊ शकलो. इथल्या मराठी घरांत यशाची गोष्ट सांगताना आयआयटी येते, मेहनत येते, आईवडिलांनी मोडलेले दागिने येतात. ऑल्बनीच्या तुरुंगातल्या त्या बायका येत नाहीत. त्या यायला हव्यात.

सत्तरच्या दशकात बर्निसबाई वॉशिंग्टनला आल्या. १९७३ मध्ये त्यांनी ‘स्वीट हनी इन द रॉक’ हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा गट सुरू केला. सुरांचं वाद्य नाही, फक्त गळे आणि हातात धरायची साधी तालवाद्यं. १९८० पासून मंचावर गायिकांच्या रांगेतच एक खुणांच्या भाषेची दुभाषीही असे, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांनाही गाणं मिळे. चळवळीतल्या एला बेकर यांच्यावरचं त्यांचं गाणं आजही इथल्या मोर्चांत म्हणतात. १९७५ मध्ये त्यांनी हॉवर्ड विद्यापीठातून याच चळवळीच्या गाण्यांवर डॉक्टरेट केली. मग स्मिथसोनियन या वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या संस्थेत संशोधन, अमेरिकन युनिव्हर्सिटीत इतिहासाचं अध्यापन, १९८९ ची मॅकआर्थर फेलोशिप ही मानाची शिष्यवृत्ती, आणि १९९४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीतावरची २६ भागांची रेडिओ मालिका. ही जंत्री मी मुद्दाम भरभर उरकते आहे, कारण मला १९८१ वर यायचं आहे.

त्या वर्षी कॅलिफोर्नियात योसेमिटीजवळ स्त्रियांच्या एका संगीत महोत्सवात त्या बोलल्या. जागा उंचावर होती आणि त्यांना श्वास घेणं जड जात होतं. त्यांनी भाषणाची सुरुवात तिथूनच केली: मला आत्ता कोसळेन असं वाटतंय, आणि वेगवेगळ्या लोकांशी खरोखर मिळून काम करताना असंच वाटतं. त्यांचा मुद्दा असा की प्रत्येकाला एक घर लागतं, आपल्यासारख्याच माणसांचं, दार लावून घेऊन विसावता येईल असं. पण वेगवेगळ्या लोकांनी एकत्र येऊन करायचं आघाडीचं काम घरात होत नाही, ते रस्त्यावर होतं. तिथे ऊब शोधू नका. तिथे द्यायचं असतं, थकायचं असतं, आणि खायला-प्यायला परत घरी यायचं असतं. जिथे सगळं सुखाचं वाटतंय तिथे पुरेशी वेगळी माणसं आलेलीच नाहीत.

त्याच १९८१ मध्ये अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. आपलं ते घर. गणपती, दिवाळी अंक, नाटकं, मुलांची मराठी शाळा, हे सगळं मला जिवाभावाचं आहे आणि बर्निसबाईंच्या म्हणण्यानुसारही ते हवंच. माझी तळमळ पुढची आहे. शाळेच्या बोर्डाची सभा, मतदार नोंदणी, शेजारच्या वस्तीतल्या भाडेकरूंचा प्रश्न, अशा ठिकाणी आपण कमी दिसतो. गेलो तर आपलं तिथे कोण, म्हणून लवकर परत येतो. त्या परकेपणाला मी पूर्वी नकार समजत असे. त्यांचं भाषण वाचल्यावर ते कामाचंच लक्षण आहे असं समजून मी बसून राहायला लागले.

फेब्रुवारी २०१० मध्ये व्हाइट हाउसमध्ये नागरी हक्क चळवळीच्या संगीताचा कार्यक्रम झाला. समोर ओबामा आणि निमंत्रित मंडळी. मंचावर बर्निसबाई, रूथा हॅरिस, चार्ल्स नेब्लेट आणि त्यांच्यासोबत बर्निसबाईंची गायिका मुलगी तोशी. गाणं सुरू झालं, लोक कौतुकाने ऐकू लागले. बर्निसबाईंनी मध्येच सांगितलं की तुम्हाला खरोखर गावं लागेल, या गाण्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही. आणि राष्ट्राध्यक्षांसकट सगळ्या सभागृहाकडून त्यांनी ते गाऊन घेतलं.

त्याची चित्रफीत सहज सापडते, घरी सगळ्यांनी मिळून बघा. त्यानंतर स्मिथसोनियनच्याच फोकवेज या ध्वनिमुद्रण कंपनीचा, १९६० ते १९६६ मधल्या चळवळीच्या गाण्यांचा, बर्निसबाईंनीच संकलित केलेला संग्रह ऐका. त्यातले बरेच आवाज गावोगावच्या सभांमधले आहेत, खोकल्यासकट आणि टाळ्यांसकट. आणि कुणाचं अटलांटाला येणं झालं तर गाडीने दक्षिणेला तीनेक तासांवर ऑल्बनी आहे. ज्या जुन्या माउंट झायन चर्चमध्ये या सभा व्हायच्या तिथे आता संग्रहालय आहे. रूथा हॅरिस यांनी तिथे वर्षानुवर्षं फ्रीडम सिंगर्सचं गाणं चालू ठेवलं, आणि आलेल्या माणसाला नुसतं ऐकत बसू दिलं नाही.