युगांडातल्या वर्गात पाहुणे शिक्षक

युगांडात पहिली ते तिसरी शक्यतो स्थानिक भाषेत शिकवतात, इंग्रजी माध्यम नंतर येतं. म्हणून लहानांपुढे भाषण ठोकू नका. करून दाखवा, वर्गशिक्षकांना शेजारी घ्या.

करून दाखवायला कागदी चटई उत्तम. कागद मधोमध दुमडून घडीच्या बाजूने २ सेंटिमीटर अंतराने काप द्यायचे, उघड्या कडेला दोन बोटं सोडून. घोळ इथेच होतो: काप कडेपर्यंत गेला की हातात नुसत्या पट्ट्या! मग कागद उलगडून कापांतून दुसऱ्या रंगाची पट्टी एक वर, एक खाली अशी ओवा, पुढची उलट. प्रत्येक पट्टी सरकवून घट्ट बसवा, नाहीतर जाळी होते.

मग मुलांकडून ओमवेसो हा खळग्यांत बिया टाकत खेळायचा तिथला खेळ शिका: ४ ओळी, ३२ खळगे, ६४ बिया. फळी नसेल तर मातीत खळगे करा. मुलं बहुधा हरवतीलच तुम्हाला.