काळ्या मातीवरची भट्टी

रविवार, ५ एप्रिल

मार्च एंड एकदाचा उरकला. पंधरा दिवस दुसऱ्यांच्या खात्यांतल्या चुका शोधल्या, आज स्वतःची वही काढली. जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "पिझ्झाची भट्टी, मागचं अंगण, अंदाजे वीस हजार." खाली दोन रेघा, पक्क्या बेरजेखाली मारतात तशा. हे वीस हजार कुठून आले, त्याचा कागद कुठेच सापडत नाही. ऑफिसात कुणी असं व्हाउचर आणलं असतं तर मी तिथल्या तिथे परत केलं असतं.

वेड जुनं आहे. लॉकडाऊनमध्ये जो तो काही ना काही शिकला, मी मैदा आंबवायला शिकले. पीठ आता मस्त जमतं. घोडं अडतं ते ओटीजीपाशी, म्हणजे घरातल्या विजेच्या छोट्या ओव्हनपाशी. त्याचा काटा २५० वर थांबतो. तेवढ्या आचेवर पिझ्झा भाजायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तोवर काठ खारी बिस्किटासारखा होऊन बसतो. नेपल्सच्या भट्टीत ४३० ते ४८० अंश असतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. काठ फुगलेला, वर काळे ठिपके, आत मऊ. पीठ तेच, फरक सगळा आचेचा.

तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोने २०१७ साली वारशाच्या यादीत घेतली, हे मी जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. अण्णांनी पोळी मोडता मोडता म्हटलं, "त्याच साली आपलं इंदूर देशात पहिलं आलं, स्वच्छतेत. राख कुठे टाकणार ते ठरवलंस का?"

सुहास हसला. सासरे पीडब्ल्यूडीतून निवृत्त असले की घरात कुठलंच बांधकाम पिझ्झापासून सुरू होत नाही.

शनिवार, ११ एप्रिल

सांवेर रोडला जाऊन आले. कारखान्यांच्या भट्ट्यांना लागणारं सामान विकणारं एक दुकान आहे तिथे. दुकानदाराला आधी वाटलं मी ढाब्याचा तंदूर करतेय. पिझ्झा म्हटल्यावर त्याने चहा मागवला.

फायर ब्रिक, म्हणजे आच सोसणारी भट्टीची वीट, पहिल्यांदा हातात घेतली. नऊ इंच बाय साडेचार बाय तीन. फिकट पिवळसर रंग आणि वजन साडेतीन किलोच्या आसपास. आपल्या लाल विटेपुढे ही एकदम गंभीर वाटते. त्याने दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवल्या, तर टण्ण आवाज आला, पितळी भांड्यासारखा. "जो बोले नहीं, वो लेना नहीं," म्हणाला. त्याच्याकडे साठ-सत्तर टक्के अॅल्युमिनाच्या महागड्या विटाही होत्या. त्या मी मुद्दाम घेतल्या नाहीत. अॅल्युमिना जास्त असला की विटा उष्णता भराभर वर देतात, म्हणजे वरचं चीज वितळायच्या आत पिझ्झाचा तळ कोळसा. चाळीसच्या आसपासवाली पुरते. ही एकच बाब, जिथे स्वस्त तेच योग्य निघालं.

रात्री गणित मांडलं. आतून ३२ इंच व्यासाचा अर्धगोल घुमट म्हणजे आतला पृष्ठभाग साधारण एक चौरस मीटर. अर्ध्या केलेल्या विटेचा छोटा चेहरा आत ठेवायचा, असे चेहरे लागतात ११७ च्या आसपास, म्हणजे अख्ख्या विटा साठेक. फरशीला पस्तीस, तोंडाच्या कमानीला वीस, वर तूटफूट. १३० घ्यायच्या. पंचेचाळीस रुपयांनी ५,८५० झाले. मी खूश. वीस हजार काही अगदीच हवेतले नव्हते!

रविवार, १२ एप्रिल

होते.

सकाळी पोहे झाल्यावर (शेव, वर जीरावन मसाला, सोबत दोन जिलब्या, हे लिहायची गरज नाही, पण रविवार आहे) अण्णा म्हणाले, "चल, जागा दाखव." मागच्या कोपऱ्यात, लिंबाच्या पलीकडे, जिथे आम्ही पाणी घालत नाही, तिथे मी चुन्याने चौकोन आखून ठेवलाय. अण्णांनी चौकोनाकडे पाहिलंच नाही. शेजारच्या भेगेत त्यांनी हातातली काठी सोडली. काठी सरळ आत गेली, वीतभर, मग आणखी चार बोटं. मग त्यांनी काठी सोडून हात मागे घेतले. ती तशीच उभी राहिली.

"ही उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. तू हिच्यावर दोन टन ठेवणार?"

माळव्याची काळी माती. लहानपणापासून चपलांना चिकटलेली, म्हणून तिच्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटत होतं. पाणी पिऊन ही माती वर उचलते, सुकली की खाली बसते, आणि सगळीकडे सारखी नाही. एका कोपऱ्यात लिंबाची मुळं ओल ओढणार, दुसऱ्या कोपऱ्यात पत्र्यावरचं पाणी पडणार. वरचा चबुतरा असा वाकडातिकडा हलला की पहिली चीर घुमटाला. लोकमान्य नगरात निम्म्या कंपाउंड वॉलना अशी तिरपी चीर आहे. आज दूध आणायला जाताना मी मोजत गेले. आमची धरून अकरा.

अण्णांचा हुकूम: काळी माती लागेल तितकी काढायची, मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून कुटायचा, त्यावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर काँक्रीट. मी म्हटलं, "अण्णा, पिझ्झाची भट्टी आहे, पाण्याची टाकी नाही." ते म्हणाले, "टाकी हलली तर पाईप बदलता येतो."

बुधवार, १५ एप्रिल

मिस्त्री येऊन गेला. चांगला माणूस, हात साफ आहे, शेजारच्यांचा ओटा त्याचाच. पण माझ्या कागदावरचा घुमट पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, ऊपर छेद कहाँ है? धुआँ किधर से जाएगा?"

हे समजावता समजावता माझंच मला नीट कळलं. या भट्टीला माथ्यावर भोक नसतं. गार हवा तोंडाच्या खालच्या अंगाने आत शिरते, मागच्या जाळापाशी तापते, घुमटाला घासत वर चढून पुढे येते आणि त्याच तोंडाच्या वरच्या अंगाने बाहेर पडते. धुराडं तोंडाबाहेर, पुढे. माथ्याला भोक पाडलं तर तापलेली हवा घुमटाला न तापवताच निघून जाईल, आणि पिझ्झा वरून भाजतो तो या तापलेल्या घुमटामुळेच. म्हणून तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवतात. माझा घुमट १६ इंच, तर तोंड १० इंच. जास्त उंच केलं तर आच पळते, कमी केलं तर जाळ गुदमरतो.

मिस्त्रीने डोकं हलवलं. पटलं म्हणून की बाई पैसे देणार आहे म्हणून, कळलं नाही. दुसरा वाद सिमेंटवर. त्याला सगळं सिमेंटातच लावायचं होतं. नुसतं सिमेंट इतक्या आचेपुढे भुसभुशीत होतं, म्हणून आतल्या सांध्यांना फायर क्ले (आच सोसणारी माती), चुना आणि वाळूचं मिश्रण, सिमेंट अगदी नावाला. चुन्याचं नाव निघताच अण्णा आतून बाहेर आले आणि पाऊण तास चुना कसा भिजवतात यावर बोलले. मिस्त्री मात्र तेव्हा पहिल्यांदा मन लावून ऐकत होता.

रविवार, १९ एप्रिल

आज सगळे भाव हातात आले. वहीत ओळीने लिहिण्याऐवजी दोन ढीग केले: जे भट्टी झाल्यावर दिसेल ते, आणि जे कुणालाच दिसणार नाही ते.

न दिसणाऱ्यात पाया आणि मुरूम ९,५००. घुमटाच्या फरशीखाली उष्णता अडवणाऱ्या हलक्या विटा २,८००. त्या नसतील तर निम्मी आच चबुतरा पिऊन टाकेल आणि तिसरा पिझ्झा खालून कच्चा राहील. घुमटावर सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे आच आत धरून ठेवणारी तंतूंची जाड चादर. दुकानदाराने दोन रोल सांगितले होते. मी हिशेब केला: घुमटाचा बाहेरचा पृष्ठभाग पावणेदोन चौरस मीटरच्या आत, एक रोल साडेचारच्या जवळपास. दोन थर देऊनही उरतो. एकच घेणार, ३,२००. (त्याच्या चहाचं ऋण फिटलं.) त्यावर वर्मिक्युलाइटचं (उष्णता अडवणाऱ्या हलक्या खनिजाचं) प्लास्टर २,५००. फायर क्ले वगैरे १,२००.

दिसणाऱ्यात चबुतरा आणि स्लॅब १४,०००, त्यात लोहा मंडीतला सरिया, म्हणजे लोखंडी गजही आले. धुराडं २,८००, लोखंडी दार २,२००, वरचा पत्रा खांबांसकट ११,०००. मिस्त्री आणि मदतनीस, सात दिवस, १०,१५०. आणि फायर ब्रिक ५,८५०.

बेरीज ६५,२००. तीनदा केली.

ज्या विटांपाशी मी अकरा तारखेला खूश होऊन झोपले, त्या शंभरातल्या नऊ रुपयांच्या आहेत. बाकीचे एक्क्याण्णव रुपये त्या विटांना हलू न देण्याचे, गार न होऊ देण्याचे आणि भिजू न देण्याचे.

पत्रा खोडून पाहिला. पुन्हा लिहिला. पावसाळ्यात ब्लँकेट आणि प्लास्टर पाणी शोषतात, आणि ओल्या घुमटात मोठा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होऊन घुमटच फाडते. नवी भट्टीसुद्धा याच कारणाने आठवडाभर लहान लहान जाळावर सुकवायची असते, रोज थोडी जास्त आच. माझ्यासारख्या उतावळ्या बाईसाठी तो आठवडा सगळ्यात महाग.

रात्री सुहासने हळूच विचारलं, "एक पिझ्झा कितीला पडतो मग?" वर्षाला दहा वेळा पेटवली, दर वेळी बारा पिझ्झे, दहा वर्षं चालली, तर बाराशे पिझ्झे, प्रत्येकी ५४ रुपये. लाकूड वेगळं. बाभळीचं लाकूड एका वेळेला दहा-पंधरा किलो सहज जाईल, तापायलाच दीड-दोन तास. अण्णांनी पेपरामागून विचारलं, "घसारा धरलास का?"

रविवार, २६ एप्रिल

आठवडाभर वही उघडली नाही. पैशाचं म्हणाल तर आहेत, मुदत ठेव सुटतेय. पण पासष्ट हजार आणि मैदा ही दोन नावं एका ओळीत लिहिताना हात अडखळतो. आईने आयुष्यभर शेगडीवर काढलं आणि मी काठाला काळे ठिपके हवेत म्हणून मुरूम कुटतेय.

आज मावशी आल्या होत्या राजेंद्रनगरहून. त्यांनी वहीतलं चित्र बघितलं आणि विचारलं, "यात बाफले होतील का गं?"

आणि हा प्रश्न मला तीन महिन्यांत सुचला नव्हता! बाफले म्हणजे आमच्याकडचे कणकेचे गोळे, उकडून झाले की गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे. हल्ली अंगणात गोवऱ्या पेटवायला कोण बसतंय, आम्ही ओटीजीत भाजतो आणि तूप जास्त ओतून चूक झाकतो. नीट झाकलेली भट्टी रात्री पिझ्झा करून दार लावून ठेवली, तर सकाळी आत दोनशे अंशांच्या आसपास आच सहज उरते. निखारे बाहेर काढायचे, बाफले आत ठेवायचे. दुपारपर्यंत उतरत्या आचेवर शेंगदाणे. थंडीत गराडूचा कंदसुद्धा, तळायच्या आधी. म्हणजे एका जाळात तीन स्वयंपाक, आणि त्या न दिसणाऱ्या ब्लँकेटाचे पैसे खरे वसूल होतात ते दुसऱ्या दिवशी.

अण्णा इतका वेळ गप्प होते. मग उठले, टेप घेऊन आले आणि स्वयंपाकघरात गेले. बाफले भाजायचा ट्रे मोजला, १७ इंच. "तोंड किती रुंद धरलंयस?" १८. "एका बाजूला अर्धा इंच. हात भाजेल. १९ कर, उंची तीच ठेव."

केलं. माझ्या चित्रात त्यांनी केलेला हा पहिला बदल, जो जमिनीच्या वरचा आहे.

रविवार, ३ मे

सकाळी सहाला खोदाई सुरू केली, ऊन चढायच्या आत. ठरलं ते असं: पावसाआधी पाया आणि चबुतरा, त्याला एक पावसाळा बसू द्यायचा, घुमट दिवाळीनंतर. म्हणजे खर्चही दोन हप्त्यांत. ब्लँकेट आणि विटा तोवर दुकानदाराकडेच राहतील.

तीन फुटांवरही काळीच. मिस्त्री वर बघून म्हणाला, "बाबूजी, बहुत हो गया." अण्णा खुर्ची टाकून छत्रीखाली बसले होते. त्यांनी नुसतं बोट खाली केलं. मजूर पुन्हा उतरला. साडेतीनच्या पुढे गेल्यावर पहारीचा आवाज बदलला. आधी भस्स करून रुतायची, आता खर्र वाजली. खालून पिवळसर ढेकूळ वर आलं. अण्णांनी ते हातात घेऊन चुरडलं, बोटांतून खडे गळाले, आणि ते पहिल्यांदा हसले.

जादा खोदाई आणि जादा मुरूम. मिस्त्रीने आकडा सांगितला तेव्हा मी घुमटाच्या बाहेरून लावायच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सची ओळ खोडत होते. ती ओळ अंदाजपत्रकात नव्हतीच, मागच्या पानावर पेन्सिलीने लपवून लिहिली होती. तेवढ्यात अण्णांनी मुठीतला उरलेला मुरूम माझ्या उघड्या वहीवर ठेवला, "हा बघ." झटकला, पण पानावर ओला पिवळा डाग राहिला, नेमका आकड्यावर. आता तो १,२०० आहे की १,७००, ते उद्या मिस्त्रीला विचारायला हवं.