आयमॅकची यादी हातात घेऊन: इंदूरमध्ये हॅकिंटॉशचे भाग निवडताना

मी संवादिनी वाजवतो आणि गेल्या काही काळापासून घरच्या घरी ध्वनिमुद्रण शिकतो आहे. पुण्यातला माझा एक मित्र हे काम ‘लॉजिक प्रो’ या ॲपलच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्याने पाठवलेला प्रकल्प उघडून तबला, तानपुरा, गळा असा एकेक ट्रॅक वेगळा ऐकायचा, तर मॅकओएस ही ॲपलच्या संगणकांची कार्यप्रणाली लागते, कारण लॉजिक विंडोजवर चालतच नाही. ॲपलच्या एम४ मॅक मिनीची किंमत २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाली. माझी मर्यादा २५,००० रुपयांची होती. मॉनिटर, कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे यंत्र) घरात होतेच. म्हणून सुटे भाग आणून संगणक जोडायचा आणि त्यावर मॅकओएस चालवायचे, म्हणजे हॅकिंटॉश करायचा, असे मी ठरवले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर बसवण्याची मुभा आहे. असे संगणक तयार करून विकणाऱ्या सायस्टार या अमेरिकन कंपनीविरुद्ध ॲपलने २००८ मध्ये दावा लावला आणि २००९ मध्ये न्यायालयाचा निकाल ॲपलच्या बाजूने लागला. माझा संगणक केवळ माझ्या शिकण्यासाठी आहे. ज्यांचा चरितार्थ या कामावर चालतो त्यांनी, आणि ज्यांना दुसऱ्यासाठी संगणक जोडून विकायचा आहे त्यांनी, या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाग निवडण्याची माझी पद्धत एकच होती आणि तिनेच मला वाचवले. बाजारात स्वस्त काय मिळते, हे मी आधी पाहिले नाही. हा संगणक ॲपलच्या कोणत्या संगणकाचे सोंग घेणार, हे मी आधी ठरवले आणि त्या संगणकात ॲपलने स्वतः काय घातले होते याची यादी घेऊन मग बाजारात गेलो. ॲपलचे इंटेलवर चालणारे संगणक २००६ पासून आले आणि नोव्हेंबर २०२० पासून त्यांची जागा ॲपलच्या स्वतःच्या चिपने घेतली. त्यामुळे ॲपलने ज्या भागांसाठी ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर, लिहिले, त्यांची यादी आता बंद झालेली आहे. त्यानंतर निघालेला इंटेलचा प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी त्याच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी मॅकओएसमध्ये ड्रायव्हर नाही. अकराव्या आणि बाराव्या पिढीचे प्रोसेसर घ्या, असा आग्रह दुकानात सहज होतो, आणि विंडोजसाठी तो योग्यही आहे. आपल्या कामासाठी मात्र तो पैसा वाया जातो.

मी २०१९ चा २७ इंची आयमॅक निवडला, ज्याची ओळख ओपनकोअरमध्ये, म्हणजे साध्या संगणकावर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘आयमॅक १९,१’ अशी लिहितात. त्याच्या सर्वांत साध्या प्रतीत इंटेलचा आय५-८५०० हाच प्रोसेसर होता: सहा कोअर, मूळ वेग ३.० गिगाहर्ट्झ, वीज ६५ वॅट. हाच प्रोसेसर देशभरातल्या कार्यालयांत हजारो संगणकांत बसला, आणि ती यंत्रे आता निवृत्त होऊन बाजारात येत असल्यामुळे तो जुना, पण सुस्थितीत आणि स्वस्तात मिळतो. शिवाय २०१९ च्या आयमॅकमध्ये ॲपलची टी२ ही सुरक्षा चिप नाही. ज्या संगणकांत ती आहे, त्यांची ओळख घेतली की मॅकओएसच्या अद्ययावतीकरणाच्या वेळी जास्तीच्या खटपटी कराव्या लागतात. त्या माझ्या वाट्याला आल्या नाहीत.

खरी बचत ग्राफिक्समध्ये झाली. ध्वनीच्या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आय५-८५०० मध्ये यूएचडी ६३० हे ग्राफिक्स अंगभूत आहे, आणि ॲपलने २०१८ चा मॅक मिनी निव्वळ त्याच्यावरच विकला होता, एवढा दाखला मला पुरेसा होता. पंखा एक कमी झाला, म्हणजे मायक्रोफोनजवळची घरघरही कमी झाली, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला हा लाभ पैशांहून मोठा आहे. पण याच ठिकाणी फसगत व्हायची शक्यता सर्वांत जास्त असते. आय५-९४००एफ हा प्रोसेसर दुकानदार आवर्जून दाखवतात, कारण तो नवा आणि स्वस्त दिसतो. नावाच्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, असा आहे. पेंटियम आणि सेलेरॉनमधील यूएचडी ६१० चालत नाही. सोबत एनव्हिडियाचे एखादे छोटे कार्ड घालून देतो, असेही सुचवले जाते. जीटी ७१० सारख्या केप्लर मालिकेतल्या कार्डांचा आधार मॅकओएस मॉन्टेरेपासून काढला गेला, जीटी १०३० हाय सिएरा या त्याहून जुन्या आवृत्तीच्या पुढे जात नाही आणि जीटीएक्स १६५० साठी तर मॅकओएसचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही.

चित्रफितींचे संपादन ज्यांना करायचे आहे, त्यांना कार्ड लागेलच. त्यांनी एएमडीचे रेडिऑन आरएक्स ५७० किंवा ५८० जुन्यात पाहावे, किंवा पैसे असतील तर आरएक्स ६६०० घ्यावे. त्याच मालिकेतले ६५०० एक्सटी आणि ६७०० एक्सटी मात्र मॅकओएस ओळखत नाही, आणि ७००० मालिकेतले एकही कार्ड चालत नाही. आकडा मोठा म्हणजे कार्ड चांगले, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

इंदूरमध्ये संगणकाच्या सुट्या भागांसाठी आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला पर्याय नाही. मजल्यामजल्यावर दुकाने आहेत, भाव विचारत फिरता येते आणि जुना माल घेताना समोर चालवून पाहण्याचा आग्रह धरता येतो. लोकमान्य नगरातल्या एका ओळखीच्या मुलाचे तिथे दुकान आहे. मदरबोर्डाच्या वेळी त्याने स्वस्तातला एच११० बोर्ड पुढे केला आणि म्हणाला, “काका, सॉकेट तेच आहे, ११५१. बसेल की.” मी म्हटले, “बसेल रे, पण चालू होणार नाही.” आठव्या पिढीचा प्रोसेसर १०० आणि २०० मालिकांच्या बोर्डात जागच्या जागी बसतो, तरी तो ३०० मालिकेच्या बोर्डावरच चालतो. त्याने माझ्यासमोरच ही गोष्ट तपासली, आणि मग ३०० मालिकेतला बी३६० बोर्ड प्रोसेसरसकट शोधून देण्यासाठी त्याने जे श्रम घेतले, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

एच३१० बोर्ड याहून स्वस्त मिळत होता. तो चालतो, पण त्यात रॅमसाठी दोनच खाचा असतात आणि त्याच्या चिपसेटची पीसीआय वाहिनी (भागांमधली माहितीची वाट) दुसऱ्या पिढीची असल्यामुळे एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीचा वेग अर्ध्यावर येतो. वाद्यांच्या नमुन्यांच्या मोठमोठ्या फाइली सतत वाचाव्या लागणाऱ्या कामात मला हे नको होते. बोर्ड घेताना मागच्या बाजूला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे ना, हे अवश्य पाहावे. यूएचडी ६३० वर मॅकओएसमध्ये व्हीजीए चालत नाही, त्यामुळे फक्त व्हीजीए असलेला जुना मॉनिटर घरात असेल तर त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा. बोर्डवरचे लॅन इंटेल आय२१९-व्ही असो की रिअलटेक ८१११, दोन्ही सुरळीत चालतात.

बाकीचे भाग पटकन ठरले. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन, डीडीआर४, २६६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे आयमॅकमध्ये होती तशीच. एसएसडी वेस्टर्न डिजिटलची ५०० जीबीची नवी घेतली. लॅपटॉपमधून काढलेली सॅमसंग पीएम९८१ फार कमी भावात मिळत होती, पण ती मॅकओएसमध्ये कर्नल पॅनिक आणते, म्हणजे संगणक अचानक बंद पाडते, हे सर्वज्ञात आहे. मॉन्टेरेपासून सॅमसंगच्या इतर एसएसडींवरही ट्रिममुळे (पुसलेल्या जागेची साफसफाई) संगणक सुरू व्हायला फार वेळ लागतो. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग, ४५० वॅटचा, नवा आणि नामांकित कंपनीचाच घेतला. जुन्या बाजारातून एक वेळ प्रोसेसर घ्यावा, एसएमपीएस घेऊ नये. वायफायवर खर्च केला नाही. ब्रॉडकॉमची जी कार्डे पूर्वी आपोआप चालत, त्यांचा आधार मॅकओएसच्या सोनोमा या आवृत्तीत काढून टाकला गेला आहे, म्हणून राउटरपासून लॅनची वायर ओढली.

जोडणी झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट, सीएसएम आणि सीएफजी लॉक हे पर्याय बंद केले. ओपनकोअरचा फोल्डर स्वतःच्या हाताने तयार केला. दुसऱ्याचा तयार फोल्डर आयता घेणे सोपे वाटते, पण तो त्याच्या बोर्डासाठी असतो आणि पुढे काही बिघडले तर कुठे पाहायचे हेच कळत नाही. लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन आणि लॅनचे केक्स्ट (मॅकओएसला जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे) एवढ्यावर काम भागले. बी३६० साठी एसएसडीटी-पीएमसी ही छोटी फाइल घालावी लागते, नाही तर एनव्हीरॅम या सेटिंग जपणाऱ्या स्मृतीत काही साठत नाही. ऑडिओ इंटरफेस यूएसबीवर असल्याने बोर्डच्या आवाजाच्या चिपची चिंता मला नव्हती, तरी तिच्यासाठीचे ॲपलएएलसी हे केक्स्ट घालून ठेवले.

सर्वांत जास्त लक्ष मी यूएसबीच्या नकाशाकडे दिले. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्ट मानते आणि यूएसबी ३ चा एक भौतिक पोर्ट त्यात दोन म्हणून मोजला जातो. बोर्डवर पोर्ट त्याहून जास्त असल्याने कोणते ठेवायचे आणि कोणते वगळायचे, हे आपणच ठरवून द्यावे लागते. नाही तर एखादा पोर्ट मुकाट बंद राहतो किंवा संगणक झोपेतून नीट उठत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यासाठी हा तपशील गौण नाही, कारण सगळे सूर याच वाटेने आत येतात. मी प्रत्येक पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून नोंद केली, पुढच्या बाजूचे न लागणारे पोर्ट वगळले आणि इंटरफेससाठी मागचा एक पोर्ट कायमचा ठरवून त्यावर चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर लॉजिकमध्ये १२८ सॅम्पलच्या बफरवर (बफर लहान, तेवढा आवाजाला विलंब कमी) वाजवताना संवादिनीचा सूर हेडफोनमध्ये तुटल्याचे मला आढळले नाही.

या संगणकावर मी मॅकओएस सेक्वोया ठेवले आहे. २०१९ च्या आयमॅकसाठी ॲपलने दिलेली ही शेवटची आवृत्ती आहे. त्यानंतरची टाहो ही आवृत्ती इंटेलच्या फक्त चार मॅकवर चालते, आणि इंटेलसाठी तीच शेवटची असल्याचे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणून आज जो कोणी या वाटेने जाणार असेल, त्याने दोन-तीन वर्षांची गरज डोळ्यांपुढे ठेवूनच पैसे घालावेत. मी आपोआप होणारे अद्ययावतीकरण बंद ठेवले आहे, चालू असलेल्या ओपनकोअरची एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे आणि प्रकल्पांच्या फाइली वेगळ्या डिस्कवर जातात. सेक्वोयाचे सुरक्षा-सुधार थांबतील तेव्हा याच भागांवर लिनक्स आणि त्यावरचे आर्डर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर घालून काम पुढे चालू ठेवायचे आहे, आणि त्यासाठी एसएसडीवर एक कप्पा आतापासूनच रिकामा ठेवला आहे.