बाबा घरी नाहीत

परवा दुपारी जेवून खुर्चीत टेकलो, म्हटलं एक छोटंसं पुश करून टाकू, म्हणजे लॅपटॉपवरचा कोड गिटहबवर चढवू, आणि मग चहा. तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, म्हणतंय ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’, कोड ठेवायची जागाच सापडत नाही. अरे नॉट फाउंड कशी, शेजारी ब्राउजरमध्ये उघडी आहे की, सकाळीच तिच्यात दोन कमेंट टाकल्यात मी!

मग आपलं नेहमीचं, गिट रिमोट डॅश व्ही, कोड कुठल्या पत्त्यावर जातो ते दाखवणारी कमांड. मला ही खोडच आहे, लोक निघताना कुलूप ओढून बघतात तसं मी काही बिघडलेलं नसतानाही दिवसातून चारदा हे टाइप करतो. दोन ओळी आल्या, एक फेचची म्हणजे आणायची, एक पुशची, पत्ता बरोबर, स्पेलिंगसकट. तरी ओरिजिन (त्या पत्त्याचं गिटमधलं नाव) उडवला आणि परत लावला. दुसऱ्या फोल्डरात क्लोन करून, म्हणजे अख्खी नवी प्रत उतरवून पाहिलं, तिथेही नॉट फाउंड. अर्धा तास गेला.

मग ट्यूब पेटली. आठवडाभर घरच्या लॅपटॉपवर काम चाललंय, आणि त्यावर आधी घरच्या अकाउंटची एसएसएच की, म्हणजे सर्व्हरला ओळख पटवणारी किल्ली, जाते, ऑफिसची नाही. रिपो प्रायव्हेट. आणि प्रायव्हेट रिपो असली की गिटहब अनोळखी माणसाला ‘तुला परवानगी नाही’ असं म्हणतच नाही, सरळ ‘अशी काही रिपोच नाही’ म्हणतं. बरोबरच आहे म्हणा, परवानगी नाही म्हटलं की आत काहीतरी आहे हे कबूल केल्यासारखंच झालं.

हे कुठेतरी ऐकलंय असं वाटत राहिलं, आणि एकदम जुन्या घराचं दार आठवलं. दहा तारीख उलटली की वाण्याचा माणूस लाल वही घेऊन यायचा. बाबा आतल्या खोलीत, पेपरचं पानसुद्धा न उलटता बसलेले, आणि दारात मी, आठ-नऊ वर्षांचा, ‘बाबा घरी नाहीत’. आहेत पण आज भेटणार नाहीत, असं सांगायची सोय नव्हती. मला ते इतकं छान जमायचं की आई कौतुकानं बघायची आणि मग लगेच दुसरीकडे बघायची.

असो. एसएसएच डॅश टी करून ‘मला कोण म्हणून ओळखतोस’ असं गिटहबला विचारलं तर सर्व्हर ‘हाय’ म्हणाला आणि पुढे माझं घरचं यूजरनेम, म्हणजे दारात मी चुकीचा माणूस म्हणूनच उभा होतो. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, ऑफिसच्या कीसाठी वेगळं होस्ट नाव लिहिलं, खाली आयडेंटिटीज ओन्ली यस, म्हणजे सांगितलेलीच की दाखव (ही ओळ विसरलात की घरचीच की परत पुढे घुसते, अनुभव आहे), आणि रिमोट सेट-यूआरएल ही पत्ता बदलायची कमांड देऊन ओरिजिनच्या पत्त्यात ते नाव टाकलं. पुश गेलं. एका ओळीचा बदल होता, तोही कॉमेंटमधला स्वल्पविराम.

चहा करताना डोक्यात तो वहीवालाच. त्याला कळत असणार हो. बाबांच्या चपला दारातच असायच्या, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. तो त्यांच्याकडे बघायचा, वही काखेत मारायचा आणि म्हणायचा, ‘आले की सांग हां बाळा, घाई नाही.’