चांदीची कपलिंगं

शुक्रवार, रात्री साडेदहा

दुपारी हुपरीहून चांदी ओतणाऱ्या मामांचा फोन आला, "माल तयार हाय, या." पाऊस भुरभुरत होता तरी निघालो. परत आलो तेव्हा खिशात एक बारकी प्लास्टिकची डबी होती, कानातले ठेवतात तसली, आणि तिच्यात छोट्या रेल्वेचे डबे एकमेकांना जोडणारी बेचाळीस कपलिंगं. ठरली होती चाळीस. दोन मामांनी वरची घातली, "हरवत्यात ओ बारक्या वस्तू" म्हणून. आता टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर सगळी ओळीनं मांडून ठेवली आहेत आणि झोप येत नाही.

माझं रुकडी स्टेशनचं छोटं मॉडेल गेली सहा वर्षं चाललंय. आठ फुटांची फळी, रुंदी दीड फूट, प्रमाण १:८७. काळ धरलाय १९६८-६९ चा, म्हणजे आमची मिरज-कोल्हापूर लाइन मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) होती तेव्हाचा. ही लाइन कोल्हापूर संस्थानानं बांधली. काम सुरू झालं १८८८ मध्ये आणि गाडी धावली १८९१ मध्ये. १९७१ ला ब्रॉडगेज झालं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याआधी मिरजेच्या आत्याकडे जाताना ज्या डब्यांतून बसलो, त्यांतला एकही आज या रुळांवर दिसणार नाही. म्हणून मला तो हवाय, निदान बफर आणि हुकापर्यंत तरी खरा.

मीटरगेजच्या डब्याची खूण म्हणजे त्याचं तोंड. ब्रॉडगेजच्या जुन्या डब्यांना दोन बाजूंना दोन बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे, असायचे. मीटरगेजला मधोमध एकच, आणि त्याच्यावर हूक. मिरजेला शंटिंग चाललं की मी आत्याचं बोट सोडून प्लॅटफॉर्मच्या टोकाला जायचो. दोन बफर एकमेकांवर आदळायचे, पॉइंट्समन हूक टाकायचा, आणि मग सगळी रांग एकामागून एक ताणली जायची, शेवटच्या डब्यापर्यंत आवाज जायचा. हा एक भाग चुकला तर बाकी डबा कितीही चांगला रंगवा, तो मीटरगेजचा वाटत नाही.

आणि नेमका हाच भाग कुठं मिळत नाही. १:८७ मध्ये जगभर तयार मिळतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांचं. रूळ मिळाले, कारण स्वित्झर्लंडमध्ये मीटरगेज आहे आणि त्यांच्यासाठी १२ मिमीचे रूळ बनतात. हिशेबानं १००० मिमी भागिले ८७ म्हणजे साडेअकरा यायला हवं. त्या अर्ध्या मिलिमीटरशी मी समझोता केलाय. कपलिंगशी करवेना.

पुण्याला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन शो ओळीनं बघितले आणि मग बाहेर कर्वे रोडवर बराच वेळ नुसता उभा राहिलो. मोठ्या माणसानं असं काही आयुष्यभर करत राहणं ही कल्पनाच मला तोवर सुचली नव्हती. तिथून सुरुवात. पण जे दुकानात नाही ते कुठून आणायचं, हे शिकायला पुढची वीस वर्षं गेली. उत्तर सापडलं ते असं, की कुठंतरी एकटा माणूस घरच्या एका खोलीत नेमकं तेच करत बसलेला असतो. त्याला शोधायचं, आणि शोधल्यावर त्याच्याशी नीट वागायचं.

पहिले असे भेटले ते इंग्लंडमधले एक आजोबा. मालगाडीच्या डब्यांचे अ‍ॅक्सलगार्ड (चाकांचा आस जागेवर धरणारे भाग), पायऱ्या, ब्रेकचे दांडे असलं सगळं ते पितळी पत्र्यात एचिंगनं काढून द्यायचे. आपले जुने डबे बरेचसे तिकडच्याच नमुन्याचे, त्यामुळे थोडं घासून-कापून चालून जायचं. एचिंग म्हणजे पत्र्यावर चित्राचा थर उमटवायचा, उघडं राहिलेलं पितळ फेरिक क्लोराइडला खाऊ द्यायचं आणि थराखालचं शाबूत ठेवायचं. जिथं घडी घालायची तिथं रेघ अर्धीच खाऊ देतात. पहिला पत्रा मी घडीची रेघ बाहेर ठेवून वाकवला आणि तो तुटला. त्यांना कळवलं तर त्यांनी चिठ्ठीवर बोटं काढून दाखवली, रेघ नेहमी घडीच्या आत, आणि सोबत नवा पत्रा पाठवला.

दुसऱ्या खेपेला सात महिने लागले. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी सविस्तर लिहिलं, की चित्र ते स्वतः काढतात, पण पत्रा खायला घालायचं काम बाहेर देतात, आणि तिथं अख्खा मोठा पत्राच घ्यावा लागतो. माझ्यासारखे आठ-दहा जण जमल्याशिवाय तो भरत नाही, आणि भरल्याशिवाय पाठवला तर त्यांच्या पेन्शनमधून पैसे जातात. हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्यानंतर कुणालाही "कधी मिळेल" असं विचारत नाही. "तुमच्या सवडीनं" असं लिहितो आणि खरोखरच तसं धरतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कळवलं की नजर कमी झाली, आता बंद करतोय. होते तेवढे बारा पत्रे मी मागवले. पार्सलवर त्यांनी प्रामाणिकपणे छोट्या रेल्वेचे भाग असं लिहिलं होतं. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर, त्यामुळे ते बारा पत्रे महाग पडले. पण न मागवते तर आज माझ्याकडे अ‍ॅक्सलगार्डच नसते. त्यांची चित्रं दुसऱ्या कुणी घेतली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसरी आहे इथं कोल्हापुरात राजारामपुरीतली एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गच्चीवरच्या खोलीत तिचा रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे. तिच्याकडे गेलो गुळाच्या रव्यांसाठी, म्हणजे ढेपांसाठी. कोल्हापूरच्या मालगाडीत गूळ नसेल तर काय अर्थ? तीस किलोचा रवा या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरचा होतो. मला दोनशे चाळीस हवे होते, मनात नगाचा भाव धरून गेलो होतो. ती म्हणाली, "काका, नगावर पैसे नाही घेणार मी. एक थर एकदम उजळतो, मग त्यात एक रवा असो की दोनशे, वेळ उंचीवरच जातो." ३.५ मिमी उंची, ०.०५ मिमीचा एक थर, म्हणजे ७० थर. प्लेटचे पैसे घेतले तिनं, तेवढेच. मला हे ठाऊक नव्हतं, तिनं सांगितलं नसतं तर मी दोनशे चाळीस नगांचे दिले असते.

मधल्या रात्री वीज गेली आणि अर्ध्यावर थांबलेली प्लेट टाकून द्यावी लागली. ते नुकसान तिनं मला सांगितलंच नाही, तिच्या आईच्या बोलण्यातून कळलं. रवे हातात आले तेव्हा भिंगातून बघितलं, तर प्रत्येकाच्या अंगावर बारीक सुरकुत्या. बादलीत फडकं घालून त्यात गूळ ओततात, त्या फडक्याच्या चुण्या रव्यावर उमटतात, त्या. मी तिला हे सांगितलेलं नव्हतं. तिच्या मामाचं गुऱ्हाळ आहे.

तर आता कपलिंग.

हुपरीला पैंजण-घुंगरांसाठी चांदीचं कास्टिंग करणारे पुष्कळ. माझ्या मनात होतं, जो माणूस ज्वारीच्या दाण्याएवढी कडी बिनचूक ओततो त्याला नऊ मिलिमीटरचं कपलिंग अवघड नाही. तिघांनी नको म्हटलं, त्यांचं बरोबरच होतं, चाळीस नगांसाठी कोण भट्टी अडवेल? चौथे हे मामा. एकटेच काम करतात, घराच्या मागच्या पडवीत. मुलगा एमआयडीसीत नोकरीला आहे. मी पितळाचं बोललो तर मान हलवली, "पितळ न्हाई माझ्या मुशीत घालणार. जस्त उडतंय, मूस खराब हुत्या. चांदीतच करूया की." मग म्हणाले, शुद्ध चांदीचा हूक वाकेल, टंच कमी धरू, तांबं जरा जास्त, म्हणजे घट्ट राहील. नगाचं वजन पाव ग्रॅमच्या आसपास. चाळीस नगांना दहा-बारा ग्रॅम चांदी. हिशेब केला तर बाहेरून मागवायच्या पितळी भागांपेक्षा, टपाल आणि शुल्क धरून, स्वस्त.

मूळ नमुना मी केला. तीन आठवडे लागले. मिरजेचे दोन जुने फोटो, एक मोजमापाचा आराखडा, आणि कानस. नऊ मिमी लांब, हुकासकट. मामांनी त्याचा रबरी साचा घेतला, साच्यातून मेणाचे नग काढले, मेणाच्या दांड्यावर फांद्यांसारखे चिकटवून झाड केलं, झाडाभोवती प्लास्टर, भट्टीत मेण जळून जातं आणि राहिलेल्या पोकळीत चांदी. सगळं मला बसवून दाखवलं.

माल आला आणि एकही कपलिंग डब्याला बसेना. भोक जुळेना. व्हर्नियर लावला तर ८.६ मिमी.

मी आतून हललो, कारण चूक मामांची नव्हती. माझे वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करायचे फाउंड्रीसाठी. त्यांच्याकडे दोन पट्ट्या असायच्या, एक साधी आणि एक कॉन्ट्रॅक्शनची, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरासा मोठा. बिडाला फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ओतलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून पॅटर्न आधीच मोठा धरायचा. साधी पट्टी पॅटर्नवर ठेवलेली त्यांना चालायची नाही, मी लहानपणी एकदा ठेवली तर काही न बोलता हातातून काढून घेतली. आणि त्यांच्याच मुलानं साध्या पट्टीनं नमुना करून दिला.

मामा म्हणाले, "रबर आकसतंय, मेण आकसतंय, चांदी बी आकसत्या. पैंजणात कुणाला कळत न्हाई ते." मग पहिले चाळीस वितळवू म्हणाले, घट फार येणार नाही, आणि मजुरी एकदाचीच द्या. मी दोन्ही वेळची मजुरी त्यांच्या हातात ठेवली. नको नको म्हणत होते. पण माप मी दिलं होतं, त्यांनी मापाप्रमाणे दिलं. एकट्या माणसाकडे काम टाकताना हे एक पक्कं ठरवलंय. त्याच्या दोन दिवसांना दुसरा कुणी वाटेकरी नसतो. कंपनी असती तर नुकसान कुठंतरी जिरून गेलं असतं, इथं ते थेट त्याच्या घरखर्चात जातं.

दुसरा नमुना ९.४ चा केला. आज हातात आलेलं कपलिंग नऊला केसभर कमी आहे.

आणि एक गोष्ट मी सांगितली नव्हती ती त्यांनी केलीय. सगळे नग ऑक्सिडाइज करून दिलेत, काळ्या मण्यांच्या शेजारी शोभतील म्हणून दागिने काळवतात तसे. वर आलेल्या कडांवर हलका हात फिरवून पुसलंय, त्यामुळे हुकाचं टोक चकचकीत आणि बाकी काळं, थेट जसं वापरातल्या हुकाचं लोखंड घासून उजळतं तसं. मी विचारलं, हे कसं सुचलं? म्हणाले, "रेल्वेचा हूक म्हणला न्हाईसा का तुम्ही. हूक घासतोयच की." मी काळा रंग आणून ठेवला होता, तो आता लागणार नाही.

निघताना रबरी साचा त्यांनी पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डब्यावर खडूनं 'रेल्वे' लिहिलं. शेजारच्या डब्यांवर मासोळ्या, जोडवी, साखळी.

शनिवार, सकाळ

उजेडात दोन डबे जोडून बघितले. बफर बफराला टेकले, हूक पडला. पहिला डबा बोटानं ओढला तर दुसरा किंचित उशिरानं, ताण बसल्यावर, हलला. पाच-सहा वेळा केलं. नात शाळेत जायला निघाली होती, तिनंही दोनदा ओढून बघितलं आणि विचारलं, आजोबा, खरंच चांदी आहे?

बेचाळीसपैकी चोवीस लागतील. बाकीची पुण्यातल्या एका मित्राला देणार आहे, त्याचंही मीटरगेज आहे आणि तोही कपलिंगावर अडलाय. त्याला मामांचा पत्ता देण्याआधी मामांना विचारायला हवं, एवढं काम झेपेल का, हवंय का. पुढच्या आठवड्यात ब्रेकच्या चाकाचा नमुना घेऊन जायचंच आहे. या वेळी किती आकसतं ते आधी विचारणार. चाकाला आत चार आरे आहेत, ते लांबीपेक्षा वेगळे आकसत असतील तर माप कुठून कुठं धरायचं हे त्यांनाच ठाऊक असणार.

वडिलांची ती दुसरी पट्टी माळ्यावरच्या पेटीत असावी. आज दुपारी शोधतो.